भाईंच्या दोन पाचरी

माझ्या टेबलावर सागाच्या लाकडाची एक पाचर आहे. चार बोटं रुंद, वीतभर लांब, एका टोकाला करंगळीएवढी जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत जवळजवळ संपलेली. तिच्यावर तेलाचे डाग आहेत आणि सुताराच्या जाड पेन्सिलीची एक रेघ आहे. ती माझ्या थोरल्या भावाने कापली. भाईंना जाऊन तीन वर्षं होत आली. दम्मामच्या याच खोलीत बसून मी रोज चार-पाच ओळी लिहितो, कधी तेवढ्याही होत नाहीत. मला घाई नाही.

भाई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं, बंदराला लागून. चौथीनंतर त्यांनी शाळा सोडली आणि मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळू लागले. मला मात्र त्यांनी बी.ए.पर्यंत शिकवलं. पुढे ते सौदीला आले, दम्मामच्या सनाइयात, म्हणजे गॅरेज आणि वर्कशॉपांच्या वस्तीत, मेकॅनिक म्हणून लागले. मी काही वर्षांनी मागून आलो आणि एका बांधकाम कंपनीत नकाशे आणि कागदपत्रं सांभाळण्याच्या कामाला लागलो. माझे हात कायम कोरडे असत. भाईंच्या हातांच्या रेषांत काळं तेल मुरलेलं होतं. ईदच्या नमाजाला अत्तर लावून उभे राहिले तरी ते हात वेगळे ओळखू येत.

ते इंजिन कानाने तपासत. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, त्याचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मी लहानपणी बंदरावर त्यांना असं उभं पाहिलं होतं. त्यांची पन्नाशी उलटल्यावर वाळवंटाच्या कडेला तसंच उभं पाहिलं, तेव्हा मधली सगळी वर्षं कुठे गेली कळेना.

सौदीकरणाची ती वर्षं होती. ज्या दुकानात किंवा कंपनीत ठरलेल्या प्रमाणात सौदी माणसं नसत, तिला सरकारी यादीत लाल रंग लागे, आणि लाल रंगातल्या कामगारांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, पुढे वाढत नसत. भाईंचं गॅरेज पाच माणसांचं. त्यांचा कफील, ज्याच्या नावावर गॅरेज होतं तो म्हातारा, स्वतः दोनदा कचेरीत जाऊन आला. तिसऱ्यांदा आला तो दारातल्या टायरवरच बसला. भाईंनीच त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, खलास ना? त्याने मान हलवली. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, अखेरीस इकामा संपणार होता. सव्वीस वर्षांनी भाई रमजान घरी करणार होते. त्यांना त्याचं वाईट वाटलं की बरं, ते मला कधी नीट कळलं नाही.

त्याच आठवड्यात ती पिकअप आली. दुसऱ्या एका ट्रकच्या पाठीवर लादून, उत्तरेच्या वाळवंटातल्या हफ्र अल बातिनहून.

मालक सत्तरीचा बदू होता, वाळवंटातला उंटवाला, उंच, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. गाडी त्याच्या वडिलांची. मूळचा हिरवा रंग वाळूने घासून घासून भांड्यासारखा फिका झाला होता. मागच्या हौद्यावर पाण्याची टाकी बसवलेली. त्याचे उंट शहरापासून लांब, वाळूत होते आणि दर दुसऱ्या दिवशी तो त्यांना पाणी नेई. गाडीचं सहा सिलेंडरचं इंजिन जॅम झालं होतं. तशलीहमधून, म्हणजे भंगार गाड्यांच्या बाजारातून, त्याने आठ सिलेंडरचं एक अवाढव्य ‘बिग ब्लॉक’ इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स उचलून आणला होता. तिकडच्या तीन मेकॅनिकांनी हात वर केले होते. ते म्हणाले, या गाडीत हे इंजिन मावत नाही, नवी गाडी घे.

त्याने भाईंना सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण ते अरबी सोपं होतं. कारागिराला तिकडे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणतात. "मुअल्लिम, गाडी गावात बंद पडली तर लोक हसतील. तिथे बंद पडली तर हसायलाही कुणी नाही."

भाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग इंजिनावरची ताडपत्री काढली. चार-चार सिलेंडर दोन्ही अंगांना, मधे दरी. लाँचचं इंजिन मी पाहिलं होतं, पण हे वेगळंच होतं. चार माणसांनी ते जागचं हललं नसतं. भाईंनी त्यावर तळवा ठेवला, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"हे माझं इथलं शेवटचं काम," ते मला घरी परतताना म्हणाले. "माझ्या मागे त्या म्हाताऱ्याला वाळूत चालायला लागू नये, बस."

पाच शुक्रवार हातात होते. बाकीचे दिवस ते गॅरेजची नेहमीची कामं करत आणि उरलेल्या वेळात पिकअपकडे वळत. शुक्रवारी मी जाई. माझं काम वाचण्याचं. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जाडजूड दुरुस्तीचं पुस्तक निघालं होतं, इंग्रजीतलं, पानं पिवळी, मालकाच्या वडिलांनी गाडीबरोबर आलेलं तसंच जपलेलं. मी उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून वाचायचो आणि मराठीत सांगायचो. भाई गाडीखालून विचारत, "किताब काय म्हणतो?" उंटांचं पाणी तेवढ्यापुरतं भाऊबंदांवर सोपवून म्हातारा दम्माममध्येच थांबला होता आणि जवळच चटईवर कहवा घेऊन बसलेला असे. त्याला आमचं बोलणं कळत नसे, पण मी पान उलटलं की तो थांबून बघे. एकदा भाईंना म्हणाला, तुझा भाऊ माझ्या गाडीवर मयताची नमाज पढतोय की काय? भाई खालूनच हसले. त्यांचं हसणं पत्र्यावर घुमलं.

चेनकप्पीला लटकून ते इंजिन हवेत आलं तेव्हा गॅरेजमधली सगळी कामं आपोआप थांबली. शेजारचा वेल्डर, टायरवाला, समोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघे, सगळे येऊन उभे राहिले. साखळी एकेक कडी सरकत होती. भाई एका हाताने इंजिन नुसतं दाखवल्यासारखं धरून होते आणि ते प्रचंड धूड त्यांच्या बोटांच्या इशाऱ्यावर डावीकडे, थोडं मागे, पुन्हा डावीकडे जात होतं. पुढचा रेडिएटर त्यांनी आधीच चार बोटं पुढे सरकवला होता, इंजिनाच्या पायांसाठी चॅसीवर नव्या बैठका वेल्ड केल्या होत्या, पुढच्या स्प्रिंगांत एकेक पट्टी वाढवली होती. इंजिन खाली उतरलं आणि दोन्ही अंगांना हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा उरली. मापाची पट्टी त्यांनी एकदाच लावली होती. मी नकाशांच्या कचेरीत काम करणारा माणूस. एवढ्या एका मापासाठी आमच्याकडे चार सह्या लागल्या असत्या.

मग त्यांनी सूत ओढलं. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत तंगूसाचं, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचं, एक रीळ असायचं. गावचं. इंजिनाच्या मध्यापासून मागच्या अॅक्सलच्या मधल्या गोळ्यापर्यंत, जिथून इंजिनाचा फेरा चाकांकडे वळतो, ती दोरी ताणून त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, आणि गिअरबॉक्सचं शेपूट खाली-वर करत इंजिनाला अगदी त्या दोरीच्या रेषेत आणून बसवलं. लाँचवर असंच करतात. इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत नसेल तर लाँच थरथरते आणि दांड्याच्या जागेतून पाणी शिरतं. ही रेषा साधण्यात भाईंचा हात धरणारा आमच्या बंदरात कुणी नव्हता. दुसऱ्या बंदरांतून त्यांना बोलावणी येत.

त्याच दुपारी, ते जेवायला बसले असताना, मी शाफ्टवरचं, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावरचं, प्रकरण वाचलं. त्यात लिहिलं होतं की इंजिनाची रेषा आणि मागच्या अॅक्सलची रेषा एकमेकींना समांतर असाव्यात, त्यांना जोडणाऱ्या शाफ्टला दोन्ही टोकांना थोडा, सारखाच, कोन असावा. एका रेषेत असावं असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. मग दोरीकडे पाहिलं. ती दुपारच्या उजेडात काचेच्या तारेसारखी सरळ होती.

मी पान उलटलं.

का, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. भीती नव्हती. भाई कधी रागावले नाहीत माझ्यावर. ज्या हातांनी मला शिकवलं त्यांना छापलेल्या चार ओळींवरून काय सांगायचं, असं काहीतरी. पुस्तकावर माझा जन्मभर विश्वास होता, पण त्या दिवशी दोरीवर जास्त बसला.

इंजिन सुरू झालं तो दिवस चौथ्या शुक्रवारचा. अजून सायलेन्सर जोडलेला नव्हता. भाईंनी कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं, म्हाताऱ्याला सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवायला सांगितलं. आधी दोनदा नुसता खोकला आला. मग जे आलं त्याला आवाज म्हणणं कमी पडेल. मला ते कानांनी ऐकू यायच्या आधी छातीत जाणवलं. भिंतीवर टांगलेले पाने एकमेकांवर वाजू लागले, चटईवरच्या फिंजानातला कहवा सांडला, पत्र्याच्या छपरावरची वर्षांची वाळू झिरमिर खाली आली आणि आम्हा सगळ्यांच्या केसांवर बसली. म्हाताऱ्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्याचे ओठ हलत होते. भाईंनी लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि त्या गडगडाटात ते आठही सिलेंडर एकामागून एक ऐकत उभे राहिले. बंदरावर समुद्राकडे पाठ करून उभे असत तसे. मी मशिदीत उभा राहिलो आहे, सुफी दर्ग्यात गेलो आहे, पण पायाखालची जमीन अशी जिवंत झालेली मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही.

मंगळवारी गाडी रस्त्यावर काढली. मी कचेरीतून सुट्टी घेतली होती. भाई चालवत होते, मधे म्हातारा, खिडकीशी मी. भाईंनी माझ्या हातात सुलेमानी चहाचा अर्धा ग्लास दिला होता. दोन बोटांत सैल धरायचा. लाँचवर तांडेल, म्हणजे लाँचचा कप्तान, चहाचा ग्लास इंजिनाच्या पेटीवर ठेवतो आणि चहाच्या पृष्ठावर वलयं उठतात का ते बघतो, तसं. शहर मागे पडलं, वेग वाढत गेला. साठला चहा स्थिर होता. सत्तरला स्थिर होता. ऐंशीच्या थोडं पुढे गेलो आणि ग्लासात बारीक वलयं आली, मग दाट झाली, मग पायाखालचा पत्रा गुणगुणू लागला आणि सीटमधून पाठीत एक थरथर चढली. भाईंनी वेग कमी केला. थरथर गेली. वाढवला. आली. परतताना म्हाताऱ्याने फक्त एकदा भाईंच्या गुडघ्यावर थोपटलं.

इकामा रविवारी संपत होता. विमान शनिवारचं.

भाई गाडीखाली शिरले. मी तिथेच खाली उकिडवा बसलो आणि म्हणालो, "भाई, हे मी वाचलं होतं."

"काय?"

"शाफ्टचं. सरळ रेषेत नको म्हणून लिहिलंय. मागच्याच्या मागच्या शुक्रवारी वाचलं."

खालचा पान्याचा आवाज थांबला. मग त्यांचा चेहरा बाहेर आला.

"मग बोललास का नाही?"

"तुम्ही सूत ओढलं होतं."

"सूत ओढलं तर काय झालं? सूत माझं होतं, किताब तुझा होता." ते कपाळावरचं तेल मनगटाने पुसू लागले आणि ते आणखी पसरलं. "आता वाच. हळू वाच."

मी वाचलं. त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, तुम्ही दोघं हौद्यावर चढा आणि उड्या मारा. म्हाताऱ्याला मी अरबीत समजावलं. त्याने माझ्याकडे, मग भाईंच्या गाडीखालच्या पायांकडे पाहिलं, आपला पायघोळ थोब गुडघ्यांपर्यंत गोळा केला आणि वर चढला. लग्नानंतर कुणासाठी उडी मारली नव्हती, म्हणाला. टाकी बाजूला काढून ठेवली होती. त्या रिकाम्या हौद्यावर एक सत्तरीचा बदू आणि एक चष्मेवाला कारकून दुपारच्या उन्हात उड्या मारत होते आणि चहाच्या टपरीवरचे लोक हसून बेजार झाले होते. "आणखी," खालून आवाज येई. "थांबा. आता आणखी."

मग भाई बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चूक सापडल्याची शरम त्यात नव्हतीच. नवीन बंदर दिसावं तसं काहीतरी होतं.

"दर्यावर लाँच हलते तेव्हा इंजिन, दांडा, पंखा सगळं एकत्र हलतं," ते म्हणाले. "एकाच लाकडावर बसलेलं असतं ना. इथं पुढचं एक घर, मागचं दुसरं घर. मागचं सारखं वर-खाली होतंय. मधल्यानं दोघांकडे थोडं थोडं वाकायला पाहिजे. मी पुढचं सरळ केलं आणि त्याला मागच्या एकाच टोकाला सगळा वाकवलाय. तो थरथरेल नाही तर काय करेल? आणि एक दिवस तुटेल."

पुस्तकाने जे दोन पानांत आणि तीन आकृत्यांत सांगितलं होतं ते हेच. मी ते वाचलं होतं, पण मला कळलं ते भाईंकडून.

कोन मोजायला हत्यार नव्हतं. मी घरी जाऊन मुलीची कंपासपेटी आणली. तिने दारातच विचारलं, "व्हाय डज बडे अब्बू नीड माय प्रोट्रॅक्टर?" आणि उत्तराची वाट न पाहता अभ्यासाला गेली. भाईंनी त्या प्लॅस्टिकच्या कोनमापकाच्या मधल्या भोकात तंगूस ओवलं, खाली एक नट बांधला आणि तो ओळंबा इंजिनावर, मग शाफ्टवर, मग मागच्या गोळ्यावर धरून पाहिला. तो कोनमापक त्यांच्या तळहातात नखाएवढा दिसत होता. त्यांनी आकडे सांगितले, मी लिहिले, वजाबाकी मी केली. ती बरोबर आहे का हे त्यांनी आपल्या बोटांवर तपासलं, आणि मग गिअरबॉक्सखाली पत्र्याचे थर घालून त्याचं शेपूट उचललं. मागचा गोळा थोडा वर वळवायला स्प्रिंग आणि अॅक्सल यांच्यामध्ये दोन पाचरी लागणार होत्या. त्यांनी आधी सागाची एक कापली, बसवून पाहिली, किंचित तासली, पुन्हा बसवली. त्या मापाने मग लोखंडाच्या दोन घासल्या. लाँचवरही आधी लाकडाचा नमुना करतात. बुधवार आणि गुरुवार त्यातच गेले.

शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, टाकी पाण्याने भरून आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. ग्लास माझ्याच हातात होता. ऐंशी. नव्वद. शंभर. दोन्ही बाजूंना सपाट, पांढुरकं वाळवंट मागे जात होतं, पुढे ते अजस्र इंजिन घोंघावत होतं, आणि चहात आकाशाचा एक तुकडा स्थिर पडला होता. मी ग्लास भाईंना दाखवला. त्यांनी रस्त्यावरून नजर न काढता म्हटलं, "पिऊन टाक. गार झाला असेल."

शनिवारी ते गावी परतले. दहा महिन्यांनी, बंदरावरून घरी येताना, वाटेतच वारले. माझं विमान मुंबईत उतरलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं. तीन मुठी माती दुसऱ्यांनी टाकली.

पुढच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याचा फोन आला. गॅरेजचं शटर बंद पाहून त्याने टपरीवरून माझा नंबर मिळवला होता. मी गेलो तर पिकअप टपरीसमोर उभी. मुअल्लिम कुठे, त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने इन्ना लिल्लाही म्हटलं, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मोतीबिंदूच्या डोळ्यातूनही पाणी येतं हे मला माहीत नव्हतं.

मग त्याने येण्याचं कारण सांगितलं. स्प्रिंगा बदलायला गाडी तिकडच्या एका मेकॅनिककडे दिली होती. तो म्हणाला, या पाचरी कुणीतरी चुकून घातल्यात, काढून टाकतो. म्हाताऱ्याने काढू दिल्या नाहीत. पण मेकॅनिक ऐकेना, म्हणाला, लेखी दाखव. तेव्हा म्हाताऱ्याला आठवलं की गाडी ताब्यात देताना भाईंनी पुस्तकात काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि म्हणाले होते, पुढे कुणी गाडी उघडली तर हे दाखव. त्याने दाखवलं. तिथे ते कुणालाच वाचता येईना. हिंदी असेल म्हणून एका बिहारी ड्रायव्हरला दाखवलं, त्याला अक्षरं कळली, अर्थ कळला नाही.

त्याने पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. शाफ्टचं प्रकरण. समासात सुताराच्या पेन्सिलीने दोन समांतर रेघा आणि त्यांना जोडणारी एक तिरकी. खाली भाईंचं अक्षर, चौथीतलं, एकेक अक्षर सुटं काढलेलं:

धाकट्याने वाचून सांगितले म्हणून कळले. पाचरी काढू नका.

हफ्र अल बातिनच्या कुठल्या मेकॅनिकसाठी त्यांनी हे मराठीत लिहिलं? पण त्यांना दुसरं लिहिता येत नव्हतं, आणि लिहायला तर हवंच होतं. मी उशिरा सांगितलं होतं, पण त्यात ‘उशिरा’ हा शब्द नव्हता. तो मी पुन्हा पुन्हा शोधला.

म्हाताऱ्याने आपलं पेन पुढे केलं. मी समासात, भाईंच्या अक्षरांखाली, अरबीत एकाच लांब वाक्यात लिहिलं की पाचरी काढू नयेत, आणि का काढू नयेत. त्याने ते बोट ठेवून वाचलं. मग त्याचं बोट वर, भाईंच्या ओळीच्या मधल्या टिंबावर, गेलं.

"इथे दोन वाक्यं आहेत. तू एकच लिहिलंस."

"दुसरं गाडीबद्दल नाही."

"मग कशाबद्दल?"

मी सांगितलं. वाचून गप्प बसलो होतो, तेही सांगितलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि टपरीतले ग्लास वाजले.

"त्याने लिहिलंय," तो म्हणाला. "तू कोण गाळणार? लिही."

मी बॉनेटवर पुस्तक ठेवलं. खालचं इंजिन अजून गरम होतं. उजवीकडून डावीकडे, हळूहळू, मी ते वाक्य लिहिलं.